बेल वाजवू नका

बेसिंगस्टोक
१२ जानेवारी

ती. आईंना, दाराबाहेरूनच नमस्कार.

दिवाळीपासून तुम्ही शशीचा फोन उचलत नाही आणि माझा उचलून ठेवून देता, म्हणून हे पत्र. मिरजेच्या पोस्टात अख्खी नोकरी काढलेली बाई आलेलं टपाल न वाचता परत धाडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

बातमी अशी की मुलगी ठरली. लग्नासाठी ठरते तशी नव्हे. आपल्या घरी यायची ठरली. नाव यमुना, वय सहा. फेब्रुवारीत तिला आणायला येतोय. ती ज्या संस्थेत आहे ती तुमच्या घरापासून एसटीनं तासाभरावर. एवढा मोठा देश सोडून दत्तक देणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं आम्हाला नेमकी तुमच्या शेजारची मुलगी दाखवली. ‘यात आईंचा हात नाही ना?’ असं मी शशीला विचारलं. तो हसला नाही. हल्ली तो हसत नाहीच. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देतो, आणि घरी आल्यावर स्वतःला देता येत नाही म्हणून येरझाऱ्या घालतो.

दिवाळीतलं तुमचं वाक्य मी इकडे घेऊन आले, लोणच्याच्या बरणीशेजारी, नीट गुंडाळून. ‘पोरं म्हणजे काय मंडईतली वांगी आहेत, निवडून आणायला?’ तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, ‘वांग्यांना निदान कुणी जात विचारत नाही.’ तुम्ही ताटावरून उठलात. तुमचा मुलगा आपल्या दोघींच्या मध्ये बसून करंजी खात राहिला, जणू कुणाला तरी ती संपवायलाच हवी होती.

इथे वर्षभर एक सोशल वर्कर घरी येत होती. पॉला. चांगली आहे. बागेतल्या वीतभर डबक्यावर जाळी बसवून घेतली, देवापुढच्या निरांजनाला ‘ओपन फ्लेम’ म्हणाली. माझं बालपण, आमचं लग्न, आमची भांडणं, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाली, ‘आणि सासूबाईंचा सपोर्ट आहे ना?’ मी म्हटलं, ‘त्या फार प्रायव्हेट आहेत.’ तिनं ते लिहूनही घेतलं.

खरं सांगू? मला भीती वाटते. सत्तेचाळिसाव्या वर्षी आई व्हायची वाटतेच, पण त्याहून जास्त ही, की यमुना दारातून आत येईल, आमच्याकडे बघेल आणि तिला कळेल की आम्ही नुसते दोन घाबरलेले म्हातारे आहोत. आणि यापुढची दोन वर्षं पॉला येत राहणार. मुलगी रुजत नाही असं तिला वाटलं तर ती तसं कळवणार, आणि मग पुढे काय, हे मी विचारलेलं नाही. शशीनं विचारलं असावं. येरझाऱ्या तेव्हापासूनच आहेत.

एक मागणं आहे. संस्थेचा पत्ता मागे लिहिलाय. एकदा जाऊन तिला बघून याल का? काही बोलू नका. नुसतं बघा, आणि मला एक ओळ लिहा.

वरदा


बेसिंगस्टोक
२ मार्च

ती. आई,

तुमच्या कुलपाला नमस्कार करून आलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘त्या वाडीला गेल्यात, कधी येतील सांगून नाही गेल्या.’ मुलगा सातासमुद्रापलीकडून येणार त्याच दिवशी तुम्हाला देव आठवावा, हे मी समजू शकते. यमुना तुमच्या पायरीवर बसून केळं खात होती. सालीसाठी टोपली शोधत फिरली, मिळाली नाही तेव्हा साल घडी घालून खिशात ठेवली.

इकडे सगळं छान आहे. खरंच. ती सकाळी आपण होऊन उठते, पांघरुणाची घडी करते आणि त्या घडीवर बसून राहते. ताटात काही टाकत नाही. मागत नाही, रडत नाही, हट्ट नाही. मला काकू म्हणते, शशीला सर. शशी म्हणतो, ‘हॉस्पिटलात इतक्या मानानं कुणी हाक मारत नाही.’ शेजारीपाजारी म्हणतात, किती लकी आहात. आई, सहा वर्षांची मुलगी इतकी गुणी कशी? घरात एखादी कपबशी तरी फुटायला नको का?

आणि एक गंमत. बेल वाजली की ही नाहीशी होते. परत येते तेव्हा अंगात लाल फ्रॉक, पायात बूट, तोंडावर माझी टाल्कम पावडर. मग हॉलच्या मधोमध हात बांधून उभी राहते. परवा पार्सलवाला सही मागायला आला, त्याला मनीमाऊची अख्खी कविता ऐकावी लागली. बिचारा हेल्मेट काढून उभा राहिला.

पॉला आली तेव्हा मीच म्हटलं, ‘यमू, पॉलाकाकूंना कविता म्हणून दाखव.’ आपल्यात कोण म्हणत नाही? शशीला तुम्ही पाहुण्यांसमोर स्टुलावर उभं करून पावकी-निमकी म्हणायला लावायचात, ते तो अजून सांगतो. यमुनानं हातवाऱ्यांसकट म्हटली. शेवटी हात जोडून, ‘मला स्वच्छ राहायला आवडते. मी हट्ट करत नाही.’ मला वाटलं, कवितेचंच कडवं असेल. पॉलानं टाळ्या वाजवल्या. ‘सो कॉन्फिडंट!’

तेव्हा काळजी नसावी. तुम्हाला असेल असंही नाही म्हणा.

वरदा

ता.क. पॉला निघाली तेव्हा यमुना तिचं बोट धरून गाडीपर्यंत गेली आणि मागचं दार उघडायला लागली. मी हसून तिला आत आणलं. पॉलाही हसली. शशीला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.


बेसिंगस्टोक
६ एप्रिल

आई,

काही झालेलं नाही. यमुना घरात आहे, समोर बसून पेन्सिलींना टोक करतेय. हे आधी लिहिते, कारण काल तासभर मला हे वाक्य लिहिता आलं नसतं.

मंडळाचा पाडवा काल शनिवारी होता. आमचे सेक्रेटरी मुरलीधर, ज्यांच्या हातात माईक आला की तो काढून घ्यायला भूकंप लागतो, म्हणाले, ‘वहिनी, मुलीचं स्वागतही त्यातच उरकू. हॉल आहे, श्रीखंड आहे, लोक आहेत.’ मलाही वाटलं, होऊ दे थाटात. तुमच्या नाकावर टिच्चून होऊ दे, असंही वाटलं, लपवत नाही.

यमुनाला नवा परकर-पोलका घातला. हॉलमध्ये सगळ्या बायकांनी ओवाळलं, कुंकू लावलं, हातात खाऊ दिला. मी सगळ्यांना पेढे वाटले. मुरलीधर म्हणाले, ‘आता आपली यमुना कविता म्हणणार!’ तिनं म्हटली. टाळ्या पडल्या. साउथहॅम्प्टनच्या सुप्रभानं तिचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, ‘इतकी गोड आहे, मी घेऊनच जाते बाई हिला!’

आपल्यात कोण म्हणत नाही, आई? मीसुद्धा लोकांच्या बाळांना म्हटलेलं आहे.

पंगत बसली आणि यमुना नव्हती.

आधी बाथरूम बघितलं. मग किचन, मग स्टेजमागे खुर्च्यांच्या चळती. मग मी चप्पल न घालता कार पार्कमध्ये. त्या हॉलच्या पुढे लगेच राउंडअबाउट आहे, गाड्या न थांबता फिरत राहतात तो गोल चौक. या गावात जाल तिथे राउंडअबाउट आहेत, आम्ही त्यांच्यावर विनोद करतो. काल मी त्यातल्या एकाच्या कडेला उभी राहून प्रत्येक गाडीच्या चाकांकडे बघत होते.

आत मुरलीधर माईकवरून ‘यमुना नावाची मुलगी’ म्हणून पुकारत होते, जणू एसटी स्टँड आहे. मग त्यांनीच पोलिसांना फोन केला. मी तो फोन त्यांच्या हातातून हिसकावायला गेले. पोलीस म्हणजे पॉला, पॉला म्हणजे रिपोर्ट. मुलगी हरवलीय आणि मी रिपोर्टचा विचार करतेय, हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी कुठेतरी बसले.

एक पोलीस बाई आली. तरुण, मऊ आवाजाची. म्हणाली, वर्णन सांगा. मी परकराचा रंग सांगितला. काठ सांगितले. बांगड्या सांगितल्या. ती म्हणाली, ‘आणि चेहरा?’ आई, मला तिचा चेहरा सांगता येईना. इतके दिवस रोज समोर असलेला चेहरा. पावडरच आठवली. शशी मागून म्हणाला, ‘डावी भुवई मध्ये तुटलेली आहे. हसली की खालचा ओठ आधी हलतो.’ ती हसते हेच मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मंडळातल्या आशाच्या मुलीनं, तनिषानं, माझी ओढणी ओढली. पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली, पण मराठीत बोलायचा प्रयत्न सोडत नाही. म्हणाली, ‘वरदामावशी, ती मला विचारली, मला कोण नेणार? आय थॉट की गेम आहे. मी बोलली, सुप्रभामावशी नेणार. सॉरी.’

सुप्रभाच्या नवऱ्यानं, उदयनं, श्रीखंडाचे डबे काढताना गाडी उघडीच ठेवली होती. यमुना मागच्या सीटवर बसलेली. पट्टा नीट लावलेला, मांडीवर खाऊ. सुप्रभानं दार उघडलं तर म्हणाली, ‘चला, झालं माझं.’ सुप्रभा तिथेच रडायला लागली. यमुनाच्या पोलक्यात एक मोजा खोचलेला होता. मोज्यात टूथब्रश.

टूथब्रश, आई. म्हणजे तो ती सकाळी घरातून घेऊन निघाली होती. मी तिची वेणी घालत होते, गाणं गुणगुणत होते, तेव्हा ती निरोपाच्या तयारीत होती.

आज शशीनं संस्थेत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, पाहुणे आले की पोरं आपसूक तयार होतात. कितीही सांगा, ऐकत नाहीत. आणि कुणी जायला निघालं की आम्ही हौसेनं ओवाळतो, नवे कपडे घालतो, पेढे वाटतो. तिनं तेच बघितलंय.’ मग म्हणाल्या, ‘हिचं पूर्वी एकदा ठरलं होतं. ओवाळून झालं होतं. ते लोक आलेच नाहीत.’

मी सगळं रीतीप्रमाणे केलं, आई. एकही रीत सोडली नाही.

वरदा


१७ एप्रिल

आई, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. समोर सूप गार झालंय.

पोलिसांनी कळवलं होतंच. पॉला काल आली. येणार हे माहीत होतं, तर मी काय केलं सांगू? यमुनाला एक इंग्रजी वाक्य शिकवलं. ‘दिस इज माय होम.’ घोकून घेतलं. शशी म्हणाला, ‘वरदा, नको.’ मी म्हटलं, ‘तू गप्प बस, तुझी भुवई तुझ्याजवळ ठेव.’

बेल वाजली. फ्रॉक, बूट, पावडर. हॉलच्या मधोमध उभी राहून तिनं ‘दिस इज माय होम’ म्हटलं, ‘होम’ला दोन्ही हातांनी छपराचा आकार केला, ‘माय’ला छातीवर हात. आणि मग सवयीनं पुढचं, ‘मी हट्ट करत नाही.’

पॉलानं या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती जमिनीवर बसली. खूप वेळ यमुनाच्या पेन्सिली रंगाप्रमाणे लावत बसली. जाताना दारात मला म्हणाली, ‘वरदा, तुमच्या घरी बेल न वाजवता कोण येतं?’

मी म्हटलं, चोर.

ती हसली नाही. म्हणाली, ‘ती आल्यापासून या घरात जो कोणी आला तो व्हिजिटर होता. मीसुद्धा. तिच्या दृष्टीनं तुम्ही दोघंही अजून तेच असाल. पुढच्या भेटीत बघू या.’

बघू या! इथली माणसं गळा कापायच्या आधीही ‘बघू या’ म्हणत असतील. मी तिच्या गाडीचा आवाज संपेपर्यंत दार लावलं नाही. आत आले तर यमुना बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसलेली. ‘त्या बाई गेल्या व्हय? मला न्यायचं न्हाई?’ मी नाही म्हटलं. तिनं बूट काढले, जागेवर ठेवले आणि विचारलं, ‘मग कवा?’

मी ‘कधीच नाही’ म्हणाले. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता तिला कुणीच नेणार नाही.

मिरजेत तुमच्या घरात कोण कोण न विचारता शिरतं, हे मी आज मनात मोजत बसले. दूधवाला. शेजारच्या काकू. त्यांची मांजर. आम्ही बेल बसवून दिली तर तुम्ही तिच्यावर पिशवी टांगलीत. तेव्हा मी किती चिडले होते.

मला भीती वाटते, आई. सारखी. पाणी उकळताना वाटते, गाडी लावताना वाटते. तिला काही होईल याची नव्हे. ती कुणाचंही बोट धरून जाईल, मागे वळून न बघता, आणि तो तिचा दोष नसेल, याची.

वरदा


५ मे

आई,

आज मला जे कळलं ते एका दमात लिहून काढतेय, तेव्हा अक्षर समजून घ्या.

शशीनं माळ्यावरून फोटोंचा खोका काढला. बाबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो वर होता, त्यात तुम्ही उभ्या, कपाळाला आठी, हातात बाबांचं घड्याळ. ते तेव्हापासूनच तुमच्या हातात होतं हे मी विसरले होते. यमुना जवळ आली आणि घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, ‘ही घड्याळवाली आजी.’

मला वाटलं, सगळ्या म्हाताऱ्या तिला सारख्या दिसत असतील. शशीनं विचारलं, ‘कोण गं?’

‘आमच्याकडं यायची की. बाप्याचं घड्याळ घालती. राजगिऱ्याच्या वड्या आणायची.’

‘तुला बघायला आली होती?’

‘न्हाई. मला बघायला न्हवती. सगळ्यास्नी एक एक वडी. मला बी एकच.’

मी म्हटलं, ‘मग तू कविता म्हणून दाखवलीस?’

‘मी म्हणतो म्हटलं. तर म्हणाली, गप बस, खा आधी.’

आई, हे वाक्य जगात दुसरं कुणी म्हणत नाही. शशी खोक्यात तोंड घालून काहीतरी शोधायला लागला. खोक्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

‘मग काय केलं आजीनं?’

‘काय न्हाई. बसली. मग गेली.’ आणि पेन्सिलीला टोक करत म्हणाली, ‘कुणालाच नेलं न्हाई. मग परत आली. परत परत आली.’

म्हणजे जानेवारीचं माझं पत्र तुम्ही वाचलं. एसटीनं गेलात, एकदा नव्हे, आणि मला एक ओळ लिहिली नाहीत. आणि आम्ही आलो तेव्हा वाडीला निघून गेलात. का, ते आज कळतंय. तुम्ही दारात असतात तर तिनं तुम्हाला ओळखलं असतं, आणि माझ्यासमोर तुम्हाला मऊ व्हावं लागलं असतं. त्यापेक्षा वाडीला जाणं सोपं.

मी जातीचं बोलले तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात, ते चिडून नव्हे, लागलं म्हणून, हेही आजच कळतंय. सगळ्यांना एक एकच वडी देणाऱ्या तुम्ही, वांग्यांबद्दलच बोलत होतात. निवडण्याबद्दल. मला वाटलं रक्ताबद्दल. तुम्ही नीट सांगितलं असतं तर? पण तुम्ही नीट कधी काय सांगितलंय? ‘मीठ कमी आहे’ हे सांगायलाही तुम्ही मिठाची बरणी आपटता.

तर आता ऐका. तुमचा व्हिसा अजून चालू आहे, शशीनं तपासलं. तिकीट तो काढतोय. पॉला जूनमध्ये पुन्हा येणार. त्याआधी या, आणि येताना चार दिवसांची छोटी बॅग आणू नका. मोठी आणा. पापड, भाजणी, तुमची ती खरखरीत चादर, सगळं. राजगिरा इथे मिळतो, पण तुम्ही त्याला नावं ठेवाल, तेव्हा तोही आणा.

आणि पाहुण्या म्हणून येऊ नका. शशी तुम्हाला विमानतळावरून आणेल, पण दारात मी ओवाळणार नाही. हार नाही, पेढे नाहीत. पायरीशी आलात की शशीला बाजूला सारा, बेल वाजवू नका, स्वतः दार उघडा, चपला काढा आणि ‘चहा टाक गं’ म्हणून ओरडा. ती पावडर लावायला पळाली तर काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यासाठी आमच्या दाराची किल्ली या पाकिटात घालतेय. साध्या पाकिटात किल्ली घालू नये हे पोस्टाच्या माणसाला सांगायची गरज नाही. पुठ्ठ्याला चिकटवलीय, वरून सेलोटेप, आणि रजिस्टर करतेय.

वरदा

ता.क. ७ मे. पाकीट चिकटवायचं राहिलं, कारण किल्ली पुठ्ठ्याला लावताना यमुना बघत होती. म्हणाली, ‘ही कुणाला?’ म्हटलं, घड्याळवाल्या आजीला, म्हणजे ती बेल न वाजवता येईल. तिनं किल्लीच्या दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘मला बी एक.’

तिनं या घरात मागितलेली ही पहिली वस्तू. आणि मला काय सुचलं असेल? किल्लीनं दार आतून उघडून बाहेरही जाता येतं, हे. शशीला तसं म्हटलंही. तो म्हणाला, ‘दार तर ती रोजच उघडते, वरदा.’ काल टाउनमध्ये चप्पल-बूट दुरुस्त करतात त्या दुकानात जाऊन करून आणली, इथे किल्ल्याही तिथेच बनतात. दोरीत ओवून गळ्यात घातलीय. अंघोळीलाही काढत नाही.

आज सकाळी बेल वाजली. पार्सलवालाच. मी जिन्यात थिजून उभी. ती पळाली, फ्रॉक घातला, पावडर लावली आणि हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. किल्ली फ्रॉकवर लोंबत होती.

बूट मात्र घातले नव्हते.

लवकर या.